संकर वांझ असला तरी रोग पसरतो

संकरित बुरशी वांझ असते, म्हणून ती एका हंगामात संपते, हे संकरित बुरशींवरच्या एका लेखातलं विधान दुरुस्त व्हायला हवं. व्हर्टिसिलियम लाँगिस्पोरम ही बुरशीच पाहा. दोन जातींचे जनुकसंच एकत्र येऊन ती बनली, तेही किमान तीन वेगवेगळ्या वेळी. तिचे बीजाणू लांबट, त्यांत डीएनए जवळपास दुप्पट. लैंगिक पुनरुत्पादन दिसत नाही, पण मोहरीवर्गीय पिकाच्या खोडात काळ्या बारीक मायक्रोस्क्लेरोशिया (बुरशीच्या टणक, टिकाऊ गाठी) तयार होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात. वांझपणाचा इथे काय उपयोग?

ट्रिटिकेल या धान्यपिकावरची भुरी (पानांवर पांढरी पूड आणणारी बुरशी) तर वांझही नाही. गहू आणि राय यांच्या संकरातून आलेलं हे पीक आधी भुरीला दाद देत नव्हतं, २००१ पासून युरोपात ते बळी पडू लागलं. या भुरीच्या जनुकसंचाचा साधारण १२.५ टक्के भाग रायच्या भुरीचा, उरलेला गव्हाच्या भुरीचा. पिकाचा संकर झाला, पाठोपाठ रोगाचाही!

निदान करताना एक चूक फार होते. आयटीएस (बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) याच्या क्रमवारीच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली की लगेच ‘संकर’ लिहून मोकळे होतात. नमुन्यात दोन जाती मिसळलेल्या असल्या तरी अगदी तसंच दिसतं. आधी एकाच बीजाणूपासून वाढवलेली शुद्ध वसाहत घ्या. दुहेरी शिखरं तिच्यातही टिकली, तर दोन-तीन केंद्रकीय जनुकं आणि एक मायटोकाँड्रियातलं तपासा. उलट, आयटीएस एकेरी आलं म्हणून संकर नाही असंही ठरत नाही; कालांतराने आयटीएसच्या एका पालकाकडच्याच प्रती शिल्लक राहू शकतात.