टक्के लिहिले जातात, कारण लिहिले जात नाही

पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतून सैन्यात आणि नौदलात गेलेले लोक निवृत्त होऊन घरी येतात, तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत मेडिकल बोर्डाचा अहवालही असतो. रक्तदाब, मधुमेह, मंदावलेले कान, झिजलेला मणका, जे काही असेल त्याचे टक्के बोर्ड नोंदवते, आणि त्या आकड्यावर सहसा कोणी भांडत नाही. प्रश्न असतो तो विकार सेवेमुळे झाला, सेवेने बळावला, की दोन्ही नाही, या नोंदीचा. ‘दोन्ही नाही’ असा शेरा पडला की डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली जाते, मग अपंगत्व कितीही टक्के असो.

या शेऱ्याची किंमत समजून घेतली पाहिजे. 100 टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते. 20 ते 50 टक्क्यांमधले अपंगत्व 50 धरले जाते आणि मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले. म्हणजे 30 टक्के अपंगत्व असलेल्याला अखेरच्या वेतनाच्या 15 टक्के मिळू शकतात, किंवा त्या एका शेऱ्यामुळे काहीच नाही.

आणि कारण काय दिले जाते? बहुधा एवढेच, की विकार सुरू झाला तेव्हा जवान ‘पीस स्टेशन’ला, म्हणजे युद्धक्षेत्राबाहेरच्या शांत ठिकाणी, होता. हे मला मुळीच पटत नाही. आपल्या दाभोळीचा नौदलाचा हंसा हवाई तळ युद्धभूमी नाही, पण विमानाच्या इंजिनाशेजारी वर्षानुवर्षे उभे राहून काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कानांना त्याचा काय उपयोग? भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितले होते. मधुमेहाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च 2025 मध्ये केवळ ‘पीस स्टेशन’चे कारण अपुरे मानले.

तरीही गोव्यातल्या माजी सैनिकाला खात्याकडचे अपील फेटाळले गेल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे लागते, आणि तिथे जिंकल्यावरही सरकार वरच्या न्यायालयात जाऊ शकते. साठी उलटलेल्या, आजारी माणसाला हे करायला लावणे अन्यायाचे आहे. नेमणुकीचे ठिकाण, कामाचे स्वरूप आणि विकाराची सुरुवात यांचा विचार करून लिहिलेले कारण नसेल, तर बोर्डाचा नकार ग्राह्यच धरू नये, असा स्पष्ट नियम हवा. तोपर्यंत निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी बोर्डाच्या अहवालाची आणि सेवेतील सर्व वैद्यकीय नोंदींची प्रत हातात घेतल्याशिवाय युनिट सोडू नये.