विदूषकाचे चार हजार रुपये

आज सायंकाळी एका मदत समितीच्या बैठकीतून मी चहा न घेताच उठून आलो. समोर आलेला चहा टाकून उठण्याचा माझा स्वभाव नाही, हे तुम्ही सगळे जाणता, म्हणून कारण सांगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात ज्यांचे संसार वाहून गेले, त्या घरांतील मुलांसाठी काय करावे, हा बैठकीचा विषय होता. वह्या, दप्तरे, चादरी, शिधा हे सारे अर्ध्या तासात मंजूर झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मग मागच्या रांगेतील दोन तरुण उभे राहिले. ते चेंडू झेलण्याचे खेळ करतात, एकचाकी सायकल चालवतात, लाल नाक लावून धडपडण्याच्या नकला करतात. मुलांबरोबर एक दिवस घालवण्याची परवानगी आणि प्रवास व सामानासाठी चार हजार रुपये, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "लोकांच्या चुली विझल्या आहेत आणि तुम्हाला सर्कस सुचते आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या पाच मिनिटांत मदतवाटपाच्या डिजिटल फलकाचा खर्च बिनविरोध मंजूर झाला. आकडा लिहीत नाही. चार हजारांहून जास्त होता, एवढे पुरे.

राग त्या सदस्यांचा आलाच. परंतु घरी येईपर्यंत मला जे टोचत राहिले ते निराळे होते. ते वाक्य माझे आहे. बत्तीस वर्षांपूर्वी सास्तूरमध्ये मी ते एका माणसाच्या तोंडावर फेकले होते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी असताना आमच्या घरातील मांडणीवरची भांडी वाजली, आणि उजाडल्यावर किल्लारीच्या भूकंपाची बातमी कानावर आली. आठवडाभराने आम्ही काही मित्र नळदुर्ग-उमरगा रस्त्याने एका ट्रकमधून भूकंपग्रस्त सास्तूरला गेलो. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे बिस्किटांचे पुडे वाटण्याचे काम होते. ताडपत्रीच्या निवाऱ्यांजवळ पाण्याचे एक पिंप होते आणि त्याला टेकून सातेक वर्षांचा एक मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेला असे. पुडा दिला की तो घेई, पण फोडत नसे. त्याच्या घरचे कोण उरले, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

तिसऱ्या दिवशी तेथे एक बहुरूपी आला. खाकी विजार, छातीवर बाटलीच्या बुचांची पदके, कमरेला सुतळीचा पट्टा. मुलांकडे त्याने पाहिलेही नाही. तो सरळ माझ्यापाशी आला, कडक सलाम ठोकला आणि बिस्किटांच्या अफरातफरीच्या आरोपाखाली त्याने मला अटक केली. एका फाटक्या वहीत माझा जबाब लिहिताना त्याची पेन्सिल खाली पडायची, पेन्सिल उचलताना टोपी पडायची, टोपी उचलताना विजार घसरायची. आणि पिंपाजवळून आवाज आला. तो मुलगा हसत होता. खोकल्यासारखे, अडखळत, पण हसत होता.

मी काय केले, ते पुढे सांगतो. ते लिहायला हात अजून तयार नाही.

त्याच वर्षी, सास्तूरच्या सात-आठ महिने आधी, युगोस्लाव्हियातील युद्धामुळे घरदार सोडावे लागलेल्या मुलांची एक छावणी क्रोएशियातील इस्त्रिया भागात होती. बार्सिलोनातील शाळकरी मुले त्यांना पत्रे लिहीत असत, आणि छावणीतून उत्तर आले की आम्हाला सगळ्यांत जास्त उणीव भासते ती हसण्याची. त्या शाळकरी मुलांनी पैसे जमवले आणि तोर्तेल पोल्त्रोना या विदूषकाला तेथे पाठवले. सीमा न मानणाऱ्या विदूषकांची चळवळ त्यातून उभी राहिली आणि पुढे देशोदेशी पोहोचली. त्या मुलांना जे कळले, ते आमच्या बैठकीतील पिकल्या केसांना कळू नये?

कंबोडियाचे उदाहरण तर याहून जवळचे वाटते. थायलंडच्या सरहद्दीवरील निर्वासितांच्या छावणीत ज्यांचे बालपण गेले आणि तेथेच जे चित्रकला शिकले, अशा नऊ तरुणांनी मायदेशी परतल्यावर १९९४ मध्ये बात्तंबांग येथे मुलांसाठी कलाशाळा काढली आणि काही वर्षांत तिला सर्कसही जोडली. म्हणजे जे स्वतः निर्वासित होते त्यांनीच पुढच्या मुलांना कोलांट्या शिकवल्या. ज्या मुलाच्या हातून सगळे निसटले आहे, त्याला तीन चेंडू हवेत ठेवता येऊ लागले की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुरावा लागत नाही. सर्कशीत पडणे हा अपराध नसतो, खेळाचा भाग असतो. विदूषक तर पडण्यासाठीच येतो आणि दरवेळी उठतो.

अन्न आणि औषध आधी, हे मला मान्य आहे. रंगवलेल्या तोंडाला काही मुले घाबरतात, हेही मान्य. आणि सर्कशीने मुलांना राबवले, म्हणून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांना तेथून सोडवण्याचा आदेश द्यावा लागला, हेही मी विसरलेलो नाही. मुलांचा खेळ मांडणे वेगळे आणि मुलांसाठी खेळ मांडणे वेगळे, एवढा भेद समितीला करता यायला हवा होता. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली, ते आपल्या शेजारच्या सांगलीकडचे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आपण सगळेच आईबापांच्या खांद्यावर बसून खिदळलो आहोत. ते आपल्याला चालले. पूरग्रस्ताच्या मुलाने मात्र फक्त हात पसरावा आणि फलकासमोर छायाचित्रासाठी गंभीर उभे राहावे, अशी आपली अपेक्षा! तो हसला तर त्याचे दुःख आपल्याला कमी वाटू लागेल, याचीच बहुधा भीती असावी.

आता सास्तूरचे सांगतो. मुलगा हसला आणि मी भडकलो. भोवती माणसे मेली आहेत, लोकांच्या चुली विझल्या आहेत आणि तुला सोंगे सुचतात, असे ओरडून मी त्या बहुरूप्याला दंडाला धरून बाहेर काढले. त्याने हुज्जत घातली नाही, की पैसेही मागितले नाहीत. वही काखेत मारली आणि म्हणाला, "आमचं काय पडायचं हो साहेब, पालाला भिंतच नसती." तो रस्त्याला लागला, तेव्हा पिंपाजवळचा मुलगा ताडपत्र्या संपेपर्यंत त्याच्या मागे गेला आणि तेथेच थांबला. चुलीजवळची एक आजी मला म्हणाली, "कशापायी हाकलला रं त्याला? पोरगं आज पयल्यांदा हसलं हुतं." मी उत्तर दिले नाही. मी बिस्किटे वाटत राहिलो.

तो कोणत्या गावचा, हेही मी विचारले नाही. बेघर मुलांना हसवायला आला होता, तो स्वतः जन्माचा बेघर होता, हे मला फार उशिरा सुचले. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला मंगळवेढ्याकडच्या पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती सुतळीचा पट्टा लावलेली खाकी विजार. आज तो जिवंत असला, तरी कोणत्या तोंडाने गावात शिरेल?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या ज्येष्ठ सदस्यांनी पुरात रात्रभर उभे राहून भाकरी वाटल्या होत्या, हे मी पाहिले आहे. माणूस वाईट नाही. उद्या त्यांना फोन करीन. परवानगी तेवढी त्यांनी द्यावी, चार हजार रुपये मी देतो.

त्या दोन तरुणांशी मघाशी बोललो. फुगे नकोत, फुटले की लहान मुले दचकतात, आणि मोबाईलवर कोणी चित्रण करायचे नाही, हे त्यांनी मी न सांगताच ठरवले होते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की त्यांच्या कोप्यांवरील, म्हणजे झोपड्यांतील, मुलांकडेही जायचे आहे, असे म्हणाले. माझी एकच अट आहे, ती त्यांनी हसत मान्य केली. मुलांसमोर सगळ्यांत आधी मला अटक करायची. गुन्हा कोणता, ते त्यांनी ठरवावे.