जीनांचे सूट, जीनांचं घर आणि फाळणीचा जाब

तुमची प्रतिक्रिया मनाला लागली, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: महंमद अली जीनांचे सूट, त्यांच्या सिगारेटी, मलबार हिलचा बंगला आणि रुट्टी पेटिटबरोबरचं लग्न यांवर लिहून मी फाळणीच्या गुन्हेगाराला गोंडस करतो आहे. राजकारण्याला त्याच्या निर्णयांवरून तोलावं, कपड्यांच्या कपाटावरून नाही. आणि मेलेल्या बाईच्या संसारात डोकावणं तर अजिबात शोभत नाही.

निर्णय एकीकडे आणि कपाट दुसरीकडे, ही वाटणीच मला मान्य नाही. निदान जीनांच्या बाबतीत तरी नाही.

१९३७ सालच घ्या. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत जीनांच्या मुस्लिम लीगचं पानिपत झालं. मुस्लिमांसाठी राखीव असलेल्या जागांपैकी पाव हिस्साही लीगच्या पदरात पडला नाही. पंजाबात तर लीग औषधापुरतीच उरली. तोवर जीना म्हटलं की लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या उंची शिंप्यांचे सूट, कडक कॉलर, दुरंगी बूट आणि डोळ्यावर मोनोकल (एकभिंगी चष्मा) हेच चित्र होतं. त्याच ऑक्टोबरात लखनौच्या अधिवेशनात हा गृहस्थ शेरवानी आणि काराकुली (मेंढीच्या कातड्याची) टोपी घालून उभा राहिला. वय साठ. लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकताना लागलेली आणि जन्मभर जपलेली सवय माणूस साठीत उगाच मोडत नाही. घरात आणि इंग्रजांशी वाटाघाटी करताना सूट कायम राहिले; शेरवानी आली ती सभेतल्या गर्दीसाठी. पुढे अडीच वर्षांत मुस्लिमांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणारा लाहोरचा ठराव झाला. लीगचं राजकारण दिवाणखान्यातून मैदानात कधी उतरलं, हे ठरावांच्या भाषेइतकंच त्या कपड्यांतही दिसतं. मग ते का वाचू नये? (एकदा वापरलेला टाय ते पुन्हा वापरत नसत, ही कथा मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. तिच्यातून काहीच कळत नाही.)

आता रुट्टीबद्दल. इथे तुमचा राग जास्त आहे आणि मलाही इथेच जास्त बोलायचं आहे.

कापडगिरण्यांचे मालक सर दिनशा पेटिट यांची ही मुलगी जीनांहून तेवीस वर्षांनी लहान. १९१६ मध्ये दार्जिलिंगला त्यांची ओळख वाढली. वडिलांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा दोघं तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत थांबली. मग तिने इस्लाम स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिल १९१८ रोजी, निकाह झाला. धर्मांतर का करावं लागलं? १८७२ च्या कायद्याने सिव्हिल मॅरेज करायचं तर दोघांनाही आपण कुठलाच प्रस्थापित धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे, आणि जीना केंद्रीय विधिमंडळात मुंबईच्या मुस्लिमांच्या जागेवर निवडून गेलेले होते. तसं लिहून दिलं असतं तर ती जागा गेली असती. ही जाचक अट काढावी म्हणून भूपेंद्रनाथ बसूंनी विधेयक मांडलं होतं आणि १९१२ मध्ये त्याच सभागृहात जीनांनी त्याला पाठिंबा दिला होता. विधेयक पडलं.

आता वीस वर्षं पुढे या. १९३८ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी दीना हिने नेव्हिल वाडियांशी लग्न करायचं ठरवलं. पारशी घराण्यातला, पण ख्रिस्ती असलेला मुलगा. जीना संतापले. त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून काम केलेले एम. सी. चागला आपल्या आत्मचरित्रात सांगतात की देशात लाखो मुसलमान मुलं असताना हाच कशाला, असं बापाने विचारलं. त्यावर मुलीने विचारलं की लाखो मुसलमान मुली असताना तुम्ही माझ्या आईशी का लग्न केलंत. दीनाने लग्न केलं आणि बापलेकीत अंतर पडलं.

१९१२ मध्ये आंतरधर्मीय विवाहाच्या कायद्यासाठी बोललेला, १९१८ मध्ये तसंच लग्न केलेला माणूस १९३८ मध्ये पोटच्या मुलीला तेच नाकारतो. मधल्या काळात लखनौ घडलेलं आहे. ‘मुस्लिमांचा एकमेव प्रवक्ता’ ही भूमिका सभेपुरती राहिली नव्हती, ती घरात शिरली होती. याला तुम्ही दुसऱ्याच्या संसारात डोकावणं म्हणता. मला राजकारणाची घरात वसूल झालेली किंमत दिसते, आणि ती जीनांनी एकट्याने भरली नाही.

रुट्टीला मी ‘जीनांची बायको’ एवढ्यावर सोडणार नाही. ११ डिसेंबर १९१८ ला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनचा गौरव करायचा बेत उधळला गेला, जीनांच्या पुढाकाराने झालेल्या त्या निदर्शनांत ती होती. त्या दिवसाची आठवण म्हणून लोकवर्गणीतून बांधलेला पीपल्स जीना हॉल आजही मुंबईत काँग्रेस हाऊसच्या आवारात आहे. १९२८ मध्ये ती वेगळी राहायला लागली आणि २० फेब्रुवारी १९२९ ला, एकोणतिसाव्या वाढदिवशीच गेली. माझगावच्या आरामबाग कब्रस्तानात तिला पुरताना जीना सर्वांसमोर रडले, हे तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय.

बायको गेली आणि हा माणूस कडवा झाला, असं मात्र मी म्हटलेलं नाही, कुणी म्हटलं तर मी विरोध करीन. काँग्रेस त्यांनी १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतरच सोडली होती. कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत त्यांच्या सूचना फेटाळल्या गेल्या त्या डिसेंबर १९२८ मध्ये, रुट्टी जिवंत असताना. लाखो लोकांच्या नशिबाचा प्रश्न एका माणसाच्या दुःखात बुडवून टाकणं हा त्या लाखोंचा अपमान आहे. जीनांच्या क्षयाच्या आजाराबद्दलही तेच. तो लपवला गेला हे खरं, पण तो उघड झाला असता तर फाळणी टळली असती हे मला पटत नाही. १९४६ पर्यंत पाकिस्तानची मागणी एका माणसाची राहिली नव्हती.

तुमच्या प्रतिक्रियेतला शेवटचा भाग सगळ्यात जड आहे. तुमचे आजोबा १९४८ च्या जानेवारीत कराचीहून निघाले आणि कल्याणच्या छावणीत आले. ६ जानेवारीच्या कराचीतल्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंची रीघ लागली, त्यातलेच ते असणार. त्याच कराचीत पाच महिन्यांआधी, ११ ऑगस्ट १९४७ रोजी, जीनांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत सांगितलं होतं की देवळात जा, मशिदीत जा, तुम्ही मोकळे आहात, राज्यकारभाराचा त्याच्याशी संबंध नाही. जीनांचे चाहते या भाषणाचा दाखला देतात आणि सोबत त्यांची राहणी पुढे करतात: हा माणूस धर्मांध नव्हता. नव्हताच. म्हणूनच माझा त्यांच्यावरचा आरोप तुमच्यापेक्षा सौम्य नाही. धर्मांध माणसाला दुसरं जग ठाऊक नसतं. जीनांना होतं, ते त्या जगात जगले होते, प्रेमात पडले होते, टिळकांची बाजू कोर्टात लढले होते. सगळं माहीत असून त्यांनी धर्मावर देश मागितला आणि आपल्या एका भाषणाने पुढचं सगळं आवरेल असं धरून चालले.

फाळणीनंतरही मलबार हिलचा तो बंगला आपल्याला राहावा, कधीतरी तिथे परत यावं, असं त्यांना वाटत होतं. पाकिस्तानातले भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांच्यामार्फत त्यांनी नेहरूंना तसं कळवलं. ज्या वेळी तुमचे आजोबा घराला कुलूप लावून निघत होते, त्याच सुमारास कराचीतला सर्वोच्च सत्ताधारी मुंबईतलं आपलं घर शाबूत राहील अशी आशा धरून होता. हे मला एखाद्या ठरावात सापडलं नसतं.