मग गोळ्या चांगल्या की वाईट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की मी एकीकडे बीटा-कॅरोटीन (गाजर-पालकातला, अंगात गेल्यावर ज्याचं व्हिटॅमिन ए होतं तो घटक) आणि व्हिटॅमिन ई ला खलनायक ठरवते आणि दुसरीकडे बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिडची जाहिरात करते. फिनलंडच्या सिगारेट ओढणाऱ्यांचे दाखले देऊन निर्व्यसनी शाकाहारी माणसाला घाबरवते. आणि भाज्या-फळं खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो हे ठाऊक असताना तेच घटक गोळीतून घातक कसे, हे सांगतच नाही. वडिलांसाठी कमी सोडियमचं मीठ आणावं का, हेही विचारलंय. मला ‘औषध कंपन्यांची हस्तक’ म्हटलंय, ते सोडून देते. गोळ्या घेऊ नका म्हणणारी बाई कंपन्यांच्या काय कामाची?

भाज्या-फळांच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. तुमचा तर्क १९८० च्या दशकात भल्याभल्या संशोधकांचाही होता. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त, त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी, असं एकामागून एक पाहण्यांत दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. कुणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, कुणाला व्हिटॅमिन ई, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांवर अशीच चाचणी चालू होती, तिच्यात बीटा-कॅरोटीनच्या जोडीला व्हिटॅमिन ए होतं. ती १९९६ च्या जानेवारीत, मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथली वाढ २८ टक्के.

पण सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. फिनलंडच्या त्याच चाचणीत खोटी गोळी मिळालेल्यांपैकी ज्यांच्या आहारात आणि रक्तात मुळात बीटा-कॅरोटीन जास्त होतं, त्यांना कॅन्सर कमीच झाला. म्हणजे तुमचं निरीक्षणही खरं आणि गोळीचा निकालही खरा. गाजर, पालक, लाल भोपळा नेमाने खाणाऱ्याच्या पोटात तंतू जातात, इतर शेकडो रसायनं जातात. बहुधा तो सिगारेट-दारूही कमी घेतो आणि त्याची मिळकत बरी असते. रक्तातलं बीटा-कॅरोटीन ही या सगळ्या राहणीची खूण होती. गोळीने नुसती खूण वाढली, तीही दहापटीहून जास्त. रोजच्या जेवणातून रक्तात एवढं कधी साचत नाही.

सिगारेट न ओढणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी, ज्यांत ओढणारे थोडेच होते, सुमारे १२ वर्षं एक दिवसाआड बीटा-कॅरोटीन किंवा खोटी गोळी घेतली. ना फायदा, ना तोटा. व्हिटॅमिन ई ची चाचणी ३५,५३३ पुरुषांवर झाली आणि त्यांना काही सिगारेट पाहून निवडलेलं नव्हतं. २०११ चा निकाल: व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त.

आता माझा दुटप्पीपणा. चीनच्या हेनान प्रांतात लिनशियान नावाचा भाग आहे, अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कॅन्सरसाठी कुप्रसिद्ध. तिथे २९,५८४ लोकांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम हे खनिज एकत्र घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी घटले, जठराच्या कॅन्सरचे २१ टक्क्यांनी. गोळी जवळपास त्याच घटकांची! पण लिनशियानच्या लोकांच्या जेवणात या घटकांची वर्षानुवर्षं उणीव होती, फिनलंडमधल्यांच्या तशी नव्हती. म्हणून ‘अमुक व्हिटॅमिन चांगलं का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुणासाठी, आणि त्याच्या अंगात आत्ता किती आहे?

बी-१२ च्या बाबतीत आपण फिनलंड नव्हे, लिनशियान आहोत. ते वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं आणि कित्येक शाकाहारी घरांत दूध चहापुरतं येतं. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याच्या गटाने जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. ज्या आयांत फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचंच नैसर्गिक रूप) जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. तुम्ही म्हणाल, ही पण पाहणीच, हिच्यावर कसा विश्वास? रास्त आहे. म्हणून तर त्या गटाने पुढे किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन रीतसर चाचणी हाती घेतली.

फॉलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत चाचणी झालेली आहे. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत जन्मदोष होता अशा बायकांना ते गर्भधारणेच्या आधीपासून दिलं, तर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं (१९९१). आधीपासूनच का? कारण ज्या नलिकेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटते, पाळी चुकल्याचं लक्षात येईतो बराच वेळ गेलेला असतो. पण हेच फॉलिक अ‍ॅसिड बी-१२ ची उणीव असलेल्याने एकटं घेत राहिलं, तर रक्तक्षय सुधारतो आणि नसांची हानी आत चालूच राहते. याला जाहिरात म्हणायचं तर म्हणा. (घरात कुणी वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेत असेल तर त्यांचं बी-१२ तपासून घ्या, त्या औषधाने ते कमी होतं.)

राहिलं मीठ. चीनमधल्या ६०० खेड्यांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या आणि रक्तदाब असलेल्या २०,९९५ जणांपैकी निम्म्या गावांतल्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं, म्हणजे कमी सोडियमचं, मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. वडिलांना रक्तदाब आहे एवढंच तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते: आणण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्तचाचणी) आणि रक्तातलं पोटॅशियम तपासा आणि गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रिपोर्ट ठीक आले तर जरूर आणा. आणि जेवताना वरून मीठ, लोणचं, पापड चालूच असेल तर डबा बदलून फार काही हाती लागणार नाही.