वर्गामुळे गुंतागुंत टळते, की गुंतागुंतीमुळे वर्ग बुडतो?

गरोदर बाईच्या फोनवर हमखास येणारा एक मेसेज आहे: गर्भसंस्काराचा वर्ग पूर्ण करणाऱ्यांना बीपी, शुगर होत नाही, बाळ दिवस भरूनच येतं आणि सिझरही टळतं. पुरावा काय, तर ‘आमच्या बॅचच्या सगळ्या सुखरूप सुटल्या’.

आधी दिवस भरण्याचं बघू. वर्ग नवव्या महिन्यापर्यंत चालतो. जी बत्तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली, ती शेवटच्या तासाला असेल कशी? जिला रक्तस्राव झाला म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, तिचं नाव हजेरीतून केव्हाच गेलं. उरलेल्यांना मोजून निष्कर्ष काढायचा म्हणजे पंढरपूरला पोचलेल्यांना विचारून वारीत कुणी आजारी पडत नाही असं ठरवण्यासारखं आहे. शिवाय ज्या घरात वर्गाची फी परवडते, तिथे नावनोंदणी आणि सोनोग्राफीही वेळेवर होते. श्रेय मात्र एकट्या वर्गाला!

बीपी, शुगर. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० च्या वर गेलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. ओंकाराने मन शांत होत असेल, पण लघवीतलं प्रोटीन तपासल्यावरच कळतं. शुगर कळायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यावंच लागतं. बीपी वाढून गुंतागुंत होण्याचा धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करतात. तिचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे.

सिझरचं थोडक्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. ही तफावत वर्गांनी पडलेली नाही.

मग वर्ग फुकट? तसंही नाही. कळा कशा येतात हे आधी कळलं की भीती कमी होते, चार मैत्रिणी मिळतात. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने गावोगावी बायकांच्या बैठका घेतल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या भागांतले नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी आढळले. पण तिथे बाळंतपणातल्या अडचणी आणि त्यावर गावाने काय करायचं, याची चर्चा होती.

मला राग येतो तो ‘वर्ग बुडवलास ना, म्हणून झालं’ या वाक्याचा. बाळ आधीच काचेच्या पेटीत असतं, त्यात आईला हे ऐकवायचं.

आणि डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा सुजलाय, अशा दिवशी वर्ग असेल तर तो खुशाल बुडवा. थेट दवाखाना गाठा.