टेन्शनने मेंदू मरतो म्हणे! त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर झालं, नातेवाइकांच्या ग्रुपवर झालं, काल भिशीच्या ग्रुपवर पण तोच मेसेज, म्हणून आता लिहितेय. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच मिनिटं टेन्शन घेतलं की मेंदूच्या 10 लाख पेशी मरतात, कॉर्टिसॉल नावाचं विष रक्तात पसरतं, आठवणींचा भाग आकसतो तो कायमचाच, हे फक्त कमजोर मनाच्या लोकांना होतं, आणि सगळ्यात खाली एका चूर्णवाल्याचा नंबर, 21 दिवसांत कॉर्टिसॉल साफ. मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, कॉर्टिसॉलची सॅम्पलं रोजच्या हाताखालची, त्यामुळे गप्प बसवेना. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर बारावीतल्या लेकाला हे वाचून दाखवलं, म्हणजे आता त्याला परीक्षेचं टेन्शन आणि वर टेन्शनचं टेन्शन.

आधी पेशींचा हिशोब. माणसाच्या मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी असतात. घोडबंदर रोडला जाऊन-येऊन दोन तास ट्रॅफिकमध्ये चिडचिड करणारा माणूस या मेसेजप्रमाणे रोज 2 कोटी 40 लाख पेशी घालवतो, वर्षाचे 300 दिवस धरा, 720 कोटी झाल्या, म्हणजे बारा वर्षांत डोकं रिकामं. त्याच रस्त्यावरच्या कासारवडवलीला वीस-वीस वर्षं राहणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, मेंटेनन्सवरून अजून व्यवस्थित भांडतात.

पेशी पटापट मरत नाहीत, बदलतात त्या त्यांच्या फांद्या, ज्यांच्यावर दुसऱ्या पेशींशी जोडण्या होतात. हे काम आपल्याकडचंच आहे बरं का. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं, उंदरांना दहा दिवस रोज दोन तास हलता येणार नाही असं ठेवलं तर आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखूड झाल्या, आणि भीतीशी संबंधित अ‍ॅमिग्डालामधल्या उलट वाढल्या. म्हणजे ताणाने सगळा मेंदू सरसकट सुकत नाही, एक भाग छाटला जातो आणि घाबरणारा भाग फोफावतो. मला विचाराल तर हे मेसेजमधल्यापेक्षा जास्त काळजीचं आहे, पण ‘लाखो पेशी मेल्या’ म्हटलं की फॉरवर्ड जास्त होतो ना.

कॉर्टिसॉल विष? दम्याचा जोरात अटॅक आला की कॅज्युअल्टीत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देतात. तेच हे कॉर्टिसॉल, औषध म्हणून दिलं की नाव वेगळं, बस. किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते बनवतात आणि ज्यांच्या बनवत नाहीत त्यांना रोज गोळी घ्यावी लागते, नाहीतर बीपी, साखर खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. सकाळी उठल्यावर ते सगळ्यात जास्त असतं, म्हणून तर सॅम्पल आठ-नऊच्या सुमारास मागतात, आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी. ऐरोली-महापेला नाईट करणारी मुलं येतात तेव्हा झोप कधी घेतली हे मी फॉर्मवर लिहून घेते, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. त्रास कशाने होतो, तर हा कॉर्टिसॉलचा भोंगा वाजला की बंद व्हायला पाहिजे तो महिनोन्‌महिने बंदच होत नाही तेव्हा.

आणि थोडा वेळचा ताण तर आठवण पक्की करतो. 26 जुलै 2005 च्या पुरात तुम्ही कुठे अडकला होता हे विचारा कुणालाही, ट्रॅकवरून चालत कुठून कुठे गेले ते सगळं सांगतील, आणि 25 जुलैला काय जेवले ते विचारा बघू. पण तोच ताण आधी साठवलेलं बाहेर काढताना आडवा येतो, म्हणून पेपर हातात आल्यावर उत्तर आठवत नाही आणि रिक्षात बसलं की आठवतं. वहिनींना हेच सांगितलं, पेशी मेली असती तर रिक्षात कुठून आठवलं असतं?

कायमचं आकसणं, हा मुद्दा नीट बघायला हवा कारण यात थोडं खरं मिसळलंय. युद्धाचा धक्का बसलेल्या सैनिकांच्या स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस लहान दिसला होता, हे खरं. पण 2002 मध्ये व्हिएतनामला गेलेले सैनिक आणि त्यांचे घरीच राहिलेले जुळे भाऊ असे तपासले, तर धक्का बसलेल्यांच्या त्या घरी राहिलेल्या भावांचाही लहान निघाला! म्हणजे निदान काही जणांत तो आधीपासूनच लहान होता. आणि भरून येण्याचं म्हणाल तर अमेरिकेत मेडिकलच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या महिनाभराच्या ताणानंतर तपासलं, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवायला त्रास होत होता, ताण कमी झाल्यावर महिन्याभराने परत तपासलं तर फरक गेलेला. वयस्कर लोकांना वर्षभर नियमित चालायला लावलं तर हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला हे 2011 मध्ये छापून आलंय. उपवन, मासुंदा, वाशीचा मिनी सीशोअर, कुठेही चाला, फुकट आहे.

कमजोर मन वगैरे मी फार बोलत नाही. ठाण्यात राहून ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा जोक ऐकतच मोठे झालो, ते मनोरुग्णांचं हॉस्पिटल 1901 पासून आहे आणि तिथे जाणं म्हणजे डॉक्टरकडे जाणं, एवढंच. लांब वाटत असेल तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात.

राहिलं चूर्ण. गंमत बघा, चट्टर्जींच्या गटाने 2004 मध्ये उंदरांना ताणानंतर 21 दिवस नुसता आराम दिला तर हिप्पोकॅम्पस चूर्णाशिवायच सुधारला, अ‍ॅमिग्डाला मात्र तसाच, उंदीर घाबरटच राहिले. तेव्हा 21 दिवसांत सगळं साफ हे कुणी म्हणू नये. अश्वगंधेच्या छोट्या चाचण्यांमध्ये कॉर्टिसॉल थोडं उतरलेलं दिसलंय, मान्य, पण ती घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेसही नोंदल्या आहेत. आणि बिनलेबलच्या डब्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध, घातलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, तिथे तर फसवणूक फार पद्धतशीर होते: बाहेरून स्टेरॉइड मिळालं की अ‍ॅड्रिनल स्वतःचं काम थांबवते, रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल खाली येतं, गिऱ्हाईक खूश, चूर्ण लागू पडलं! आणि मग ते अचानक बंद केलं की चक्कर, उलट्या, बीपी ढासळणं. म्हणून कुणी ऑलरेडी घेत असेल तर एकदम बंद करू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि सॅम्पल देताना चूर्ण, इनहेलर, स्किनचं मलम, जे चालू असेल ते आम्हाला सांगा. नुसतं टेन्शन किती आहे हे बघायला मात्र कॉर्टिसॉलची टेस्ट करू नका, ती अ‍ॅड्रिनलच्या आजारांसाठी असते, पैसे वाया जातील, आणि सुईला घाबरणाऱ्याचं तर तेवढ्यानेही वर जाऊ शकतं.