उन्हाचं गणित आणि चष्मा
रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळलं तर लेकरांना लांबचं धूसर दिसून चष्मा लागणं लांबतं, हे तुमच्या मुलांच्या चष्म्यावरच्या लेखातलं पटलं. पण लातुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना लेकराला दुपारी कोण बाहेर सोडणार? सकाळी नि पाचनंतर सोडा. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. खरी आडकाठी ट्यूशनची आहे. पाचवीपासूनच फाउंडेशन बॅच, म्हणजे डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेश परीक्षांची आतापासूनच शिकवणी!

आमच्या सासूबाई नातीला म्हणतात, "सारखा चष्मा लावू नको, नंबर वाढंल." नंबर चष्म्यानं नाही, डोळ्याचा गोळा लांबट होत गेल्यानं वाढतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानंही तो थांबत नाही. आणि लहान लेकरांची तपासणी डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच करून घ्या, नुसत्या मशीनवर नंबर जास्त दिसू शकतो.